मनतशाच्या चिलखताचा रंग

मनतशा तीन दिवसांसाठी घरी येणार असा फोन आला आणि रियाज रंगाऱ्याचा जीव थाऱ्यावर राहिना. एकुलती एक पोर चार महिन्यांनी लातूरहून येतेय म्हटल्यावर बापानं हरखून जावं की नाही? तर हा गडी दुकानात नुसत्या येरझारा घालायला लागला. पातेल्यातलं पाणी उकळून अर्धं झालं तरी त्याला पत्ता नाही. शेवटी चांदबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "सांगून टाका आता पोरीला."

"मे महिन्यापर्यंत न्हाई," रियाज म्हणाला. "तिच्या कानावर गेलं तर माझ्याशी गाठ हाय."

गोष्ट एवढीच होती की रियाजच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. देगलूरच्या बाजारात तीस वर्षं ओढण्या रंगवणारा माणूस. बाई ब्लाउजपीस घेऊन यायची, हा दारातल्या उजेडात एकदा बघायचा, आणि ओढणी अशी जुळवून द्यायचा की कुठलं कापड आधीचं ते तिलाच सांगता येऊ नये. त्या माणसाला आता सगळं जग चहात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. पांढरं पिवळट, निळं काळपट, लाल तपकिरी. डॉक्टर म्हणाला होता, ऑपरेशन साधं आहे, करून घ्या. पण मनतशाची मेडिकलच्या प्रवेशाची नीट परीक्षा होईस्तोवर डोळ्यांचं नाव काढायचं नाही, असं रियाजनं ठरवून टाकलं होतं.

त्यालाही कारण होतं. गेल्या साली ऐन परीक्षेला पंधरा दिवस असताना चांदबीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मनतशा होस्टेल सोडून आली ती अकरा दिवस आईच्या उशाशी बसली, आणि सतरा मार्कांनी डॉक्टरकी हुकली. मग पुन्हा लातूर, पुन्हा तोच क्लास, पुन्हा तीच पुस्तकं. माझ्या डोळ्यांपायी पोरीचं दुसरं साल बुडालं तर खुदाला काय तोंड दाखवू, असं तो चांदबीला रोज ऐकवायचा. ते खोटं नव्हतं. पण आपल्या माणसाची भीडभाड कशाला ठेवा? डोळ्याला कोणी हात लावणार म्हटलं की तो चपला घालून बाहेर पडायचा, आणि रंगाऱ्याला रंग दिसत नाहीत ही बातमी बाजारात फुटली तर काय, ही धास्ती वेगळीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच तो धरून बसला होता.

मग दुकान चालत कसं होतं, असं तुम्ही विचाराल. फळीच्या जिवावर. भूकंपाच्या साली किल्लारीकडं जमीन फाटली तेव्हा इथं देगलुरात रियाजच्या बापाच्या फळीवरचे सगळे रंगाचे डबे खाली आले आणि अर्धा रंग एकात एक मिसळून गेला. त्यानंतर म्हाताऱ्यानं नेम केला: दर डब्याची जागा ठरलेली, आणि ती तोंडपाठ पाहिजे. राणी दुसऱ्या फळीवर डावीकडून तिसरा, मोरपंखी त्याच्या खाली, आमसुली टोकाला. रियाज डोळे मिटून डबा काढायचा. राहता राहिलं गिऱ्हाइकाचं कापड. त्याला चांदबी होती. बाईनं पिशवीतून कापड काढलं की चांदबी मागून म्हणायची, "काय सुंदर रामा कलर हाय गं, कुठून घेतला?" बाई खूश, आणि रियाजचा हात रामाच्या डब्यावर.

खरी पंचाईत मनतशाच्या गेमची होती. होस्टेलमध्ये मोबाइल फक्त रविवारी दुपारी दोन तास मिळायचा. त्या दोन तासांत चार पोरी मिळून एक लढाईचा गेम खेळायच्या. त्यात प्रत्येकीला एक योद्धा, योद्ध्याला चिलखत, आणि चिलखताला हवा तो रंग देता यायचा. रंग निव्वळ दिसायला. त्यानं तलवारीचा घाव काही कमी बसत नाही. तरी पोरी लढाईपेक्षा रंगावर जास्त भांडायच्या, आणि त्यात मनतशाचं चिलखत सगळ्यात देखणं असायचं, कारण ते रंगवायचा रियाज.

मनतशा गेममधल्या रंगांच्या चौकोनांचा फोटो पाठवायची, मग फोन करायची. रियाज विचारायचा, लोखंड कुठं हाय, चामडं कुठं हाय? जॉर्जेटला आणि सुतीला एकच रंग वेगळा बसतो, तसंच ते असणार. लढायचं बर्फात का वाळूत? मग सांगायचा, वरून तिसरी ओळ, चौथा चौकोन. परीक्षेचा विषय काढायची दोघांचीही छाती होत नव्हती, त्यामुळं बाप-लेक बोलायचे ते रंगांवरच. डोळे अधू झाल्यापासून चांदबी फोटो बघून कानात चौकोनांची नावं सांगायची. दर रविवारी ऐकून ऐकून रियाजला तीसच्या तीस चौकोन पाठ झाले होते, फळीवरच्या डब्यांसारखे. आता पोर समोर येऊन बसणार होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती आली. पहिला दिवस चांदबी सावलीसारखी मागं राहिली, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शरणम्माच्या घरी लेकीच्या लग्नाचा बस्ता आला. साड्या बघायला चल म्हणून शरणम्मानं चांदबीला हाताला धरून नेलं. दुकानात बाप-लेक दोघंच. मनतशानं स्टूल ओढलं आणि मोबाइल त्याच्या पुढ्यात धरला.

"अब्बा, नवीन चिलखत मिळालं. रंगाची कुपी एकच हाय. एकदा वापरली की दुसरी मिळेपर्यंत रंग बदलता येत न्हाई. तुम्हीच सांगा."

उन्हाची तिरीप पडतेय, चष्मा घरी राहिलाय, हात रंगाचे आहेत, अशा तीन सबबी रियाजनं ओळीनं सांगून पाहिल्या. पोर हलेना. मग त्यानं मनाशी म्हटलं, घाबरतोस कशाला, तुला पाठ आहे.

"लढायचं कुठं?"

"बर्फात. शेवटी शेवटी गुहेत."

"मग छाती पांढरी नको, बर्फात हरवशील. छातीला चिंतामणी निळा. लोखंडावर गडद रंग खोल बसतो. खांद्याला मोतिया, गुहेत तेवढाच उजेड पडल. आणि कडांना डाळिंबी, पण बोटभरच. कड जाडी झाली की योद्धा न्हाई, लग्नातला बँडवाला दिसतो."

मनतशा हसली. तिचं ते हसणं ऐकून त्याला बरं वाटलं.

"बोट ठेवा," ती म्हणाली.

त्यानं ठेवलं. तिसरी ओळ, चौथा. पहिली ओळ, शेवटचा. पाचवी ओळ, पहिला. एकदाही अडखळला नाही. मनतशानं मात्र मोबाइल स्वतःकडं वळवून ते तीन चौकोन पुन्हा पाहिले.

"पक्कं, अब्बा?"

"रियाज रंगाऱ्यानं बोट ठेवलं म्हणजे पक्कं."

तिनं कुपी वापरली. "झकास," म्हणाली, आणि उठून पातेली घासायला घेतली. संध्याकाळी रियाजनं चांदबीला ते चार वेळा रंगवून सांगितलं. मेडिकलची परीक्षा आपणच पास झालो अशा थाटात तो त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

पण मनतशा लातूरला परत गेली आणि रविवारचे फोटो बंद झाले. फोन यायचा, नाही असं नाही. तब्येत कशी हाय? गिऱ्हाइकी कशी हाय? तुम्ही बरे हाव ना? मग फोन ठेवता ठेवता पुन्हा तेच, बरे हाव ना? रंगांचं नाव नाही. रियाजनं एकदा स्वतःहून विचारलं, तर म्हणाली, चाललंय ठीक. त्याचं कामावरून मन उडालं. डबा काढायचा, परत ठेवायचा, पुन्हा काढायचा. चांदबी म्हणाली, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत न्हाई. तो तिच्यावर खेकसला आणि नंतर अर्धा तास दारात उभा राहिला.

ईदला मनतशा आली नाही, परीक्षा तीन आठवड्यांवर होती. ईदनंतरच्या रविवारी रियाजनं शीरखुर्म्याचा डबा घेतला आणि उदगीरमार्गे लातूरची एसटी धरली. होस्टेलच्या फाटकाशी बाकावर बसला. मनतशा क्लासचा सराव पेपर सोडवत होती, अजून पाऊण तास लागणार होता. तिच्या खोलीतली मैत्रीण, रेणापूरची वर्षाराणी, पाणी घेऊन खाली आली. पोरगी बोलायला मोकळीढाकळी.

"काका, एक विचारू? राग येणार न्हाई ना?" ती म्हणाली. "मनतशा म्हणते तिचे रंग तुम्ही ठरवता. आधीचे लई भारी असायचे. पण हे आत्ताचं काय केलंत? छाती शेवाळी, खांदे लिंबाच्या सालीवानी पिवळे, कडा काथ्याच्या. पोरी तिला सडकं केळं म्हणतात."

रियाजला वाटलं, ही चेष्टा करतेय. "चिंतामणी, मोतिया आणि डाळिंबी सांगितलं होतं मी," तो म्हणाला.

"ते आता एकेक ओळ खाली गेले ना, काका. नवीन वर्षात गेममध्ये वर एक जास्तीची ओळ आली. सगळे रंग खाली सरकले." वर्षाराणीनं पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला. "बरं, बदल म्हटलं तर बदलत न्हाई. त्यानंतर तिला दोन कुप्या मिळाल्या, तशाच पडून हायत. म्हणते, अब्बांनी बोट ठेवलेला रंग हाय."

ग्लास रियाजच्या हातात तसाच राहिला. त्यानं जागा पाठ केल्या होत्या आणि जागाच सरकल्या होत्या. तोंडानं चिंतामणी म्हणत त्यानं शेवाळीवर बोट ठेवलं होतं, तेही पोरीच्या डोळ्यांदेखत. आणि पोर झकास म्हणाली होती. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सगळे महिने ती हे पोटात ठेवून इथं बसली होती. ज्या काळजीपासून तिला वाचवायला त्यानं एवढी लपवाछपवी केली, ती त्यानंच स्वतःच्या बोटानं तिच्या पदरात घातली होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मनतशा आली. वर्षाराणी वर निघून गेली. बापाचा चेहरा बघून मनतशाला काय ते कळलं, ती बाकावर शेजारी बसली.

"तुला त्याच दिवशी कळलं होतं?" रियाजनं विचारलं.

"हाव. तिन्ही वेळा बोट बरोबर एक ओळ वर पडलं. तुम्ही घोकलं होतं. मला ओळखू येणार न्हाई का, अब्बा? मी इथं दोन साल दुसरं काय करून राहिले?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही लई खूश झाला होता. आणि वाटलं, तुम्ही सांगाल. दर रविवारी फोन हातात आला की वाटायचं, आज सांगाल. तुम्ही दुकानातल्या गमती सांगायचा. मग आठवडाभर पुस्तक उघडलं की तेच. किती दिसत असेल, रस्ता ओलांडताना काय करत असतील, उकळत्या पातेल्याजवळ हात कुठं पडत असेल."

"तुला त्रास नको म्हणूनच तर लपवलं. गेल्या साली अम्मीच्या ऑपरेशननं काय झालं, बघितलंस ना."

"ऑपरेशननं काय न्हाई झालं." मनतशाचा आवाज चढला, मग तिनं तो खाली आणला. "अम्मीनं चार महिने दुखणं दाबून ठेवलं होतं, आणि तुम्हाला माहीत होतं. मला एकदम दवाखान्यातून फोन. परीक्षेत बसले तेव्हा एकच डोक्यात, आणखी काय काय लपवून ठेवलं असेल यांनी. मार्क तिथं गेले. आजार सांगितला असता तर दोन दिवस रडले असते आणि अभ्यासाला लागले असते."

रियाजचे डोळे भरले, आणि आधीच धूसर दिसणारी पोर आणखी धूसर झाली. त्यानं हात पुढं केला. "दाखव ते चिलखत."

तिनं मोबाइल दिला. त्यानं तो नाकाशी धरला, लांब धरला, वाकडा करून पाहिला. चहाचं फडकं असावं तसं काहीतरी दिसलं.

"मला तर चांगलंच दिसतंय," तो म्हणाला. "खरं सांग. किती वाईट हाय?"

"लई वाईट, अब्बा."

तीस वर्षांत त्याच्या रंगाला कोणी वाईट म्हटलं नव्हतं. त्यानं मान हलवली.

"मग बदलायचं होतंस. कुप्या होत्या की."

"तुमच्याशिवाय कसा बदलू? तुम्ही बघून सांगाल, तेव्हा बदलीन."

रियाजनं शीरखुर्म्याचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. पलीकडं क्लास सुटला होता, पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं रस्ताभर चालली होती.

"इथं लातुरात डोळ्याचा डॉक्टर असंल की," तो म्हणाला.

"सोमवारी सकाळी नऊ वाजता बसतो. मी तुमचं नाव लिहून ठेवते."

"ठेवते म्हणजे?"

"दर रविवारी मोबाइल मिळाला की फोन करून तुमचं नाव लिहिते. मग तुमच्याशी बोलते. तुम्ही काही बोलत न्हाई. मग परत फोन करून खोडायला सांगते. तिथली बाई आता आवाजावरून ओळखते मला. आजही खाली येता येता लिहिलंय."

रियाजनं मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"आज खोडू नको," तो म्हणाला.