शेठची ऐकायची पाळी

"शेठजी, तुमची जोडी विधीताईंबरोबर," चिठ्ठी उघडून रत्ना मॅडम म्हणाल्या आणि दुकानावरच्या हॉलमधली कुजबूज एकदम बंद पडली.

विधी म्हणजे मदनलाल शेठची सून. लग्न होऊन घरात आल्यापासून ती सासऱ्यांशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. घरची रीतच तशी. तिला काही सांगायचं असलं, तर नवऱ्याच्या, रोनकच्या तोंडून. शेठही "रोनक, तिला सांग" म्हणत आणि ती दाराआडून ऐके. यात काही खटकावं असं शेठना कधी वाटलं नव्हतं. पंप आणि ठिबकच्या धंद्यात, बोलण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या जळगावात कुणी नव्हता. संवादकौशल्याचं हे प्रशिक्षण त्यांनी ठेवलं ते नोकरांसाठी. पण भुसावळहून आलेल्या मॅडम अडून बसल्या की दुकानाचं काम करणारा प्रत्येक जण हवा. म्हणून घरून धुळ्याच्या शाखेची बिलं करणारी विधीही आली होती.

रोनक घाईघाईने उठला. "मॅडम, चिठ्ठी बदलू या."

"नको," विधी म्हणाली आणि पदर सारखा करून सासऱ्यांसमोर येऊन बसली.

नियम सोपा होता. कामाबद्दल मनात राहिलेलं एकाने बोलायचं, दुसऱ्याने मधे तोंड न घालता ऐकायचं.

"पापाजी, धुळ्याचं दुकान बंद करू नका," विधीने सुरुवात केली. "मॅनेजर टिकत नाही म्हणून तुम्ही आज जागामालकाला कळवणार आहात. मला बसू द्या तिथे."

"रोनक, हिला सांग..." शेठ सवयीने वळले.

"शेठ, आते बोलानं नई, ऐकानं शे," गोदाम सांभाळणारा म्हातारा सुपडू शेजारच्या खुर्चीवरून हसत म्हणाला. शेठना असं बोलायची हिंमत त्याचीच. शेठ मुकाट्याने सरळ बसले.

विधी सांगत राहिली. साक्रीकडे कुणाची मोटर जळाली की फोन तिला येतो. किती खोलीला कोणता पंप, हे लोक तिलाच विचारतात.

शेठ चपापले. धुळ्याकडचं गिऱ्हाईक भेटलं की म्हणायचं, तुमची फोनवरची बाई लाखात एक आहे. रोनकने कुणी मुलगी ठेवली असेल असं समजून शेठ खूश व्हायचे. धुळे जिल्ह्याला ओळखीचा झालेला तो आवाज त्यांच्याच घरातला होता आणि ते तो आज पहिल्यांदा नीट ऐकत होते. त्यांना लाज वाटली. त्यांची बायको हीराबाईही मरेपर्यंत सासऱ्यांपुढे अशीच गप्प राहिली होती. जाताना तिच्या मनात काय काय राहून गेलं, ते आता कुणाला विचारणार होते?

"आता तुम्ही, शेठजी," मॅडम म्हणाल्या.

शेठनी घसा साफ केला. या वेळी ते रोनककडे वळले नाहीत.

"जागामालकाला सांगतो, दुकान सोडत नाही. माझी सून बसणार आहे. उद्या बरोबरच जाऊ धुळ्याला. चालेल ना, विधी?"

"हो, पापाजी."

चहा आला तशी मंडळी उठली. शेठ मात्र जागचे हलले नाहीत.

"अजून काही सांगायचं राहिलंय का, बेटा?"

विधीने थोडा विचार केला. "बरंच आहे."

शेठनी पुढे आलेला चहा हाताने बाजूला सारला आणि खुर्ची तिच्याकडे ओढून घेतली.