खालची वाट

अपेक्षा वडूजला राहायची, तिचा मामेभाऊ राजवर्धन माधवनगरला. दुपारी दोघं हेडफोनवर एकमेकांशी बोलत मोबाईलवर लढाईचा गेम एकाच टीममधून खेळायची. शत्रूच्या तळाकडून येणाऱ्या दोन वाटांपैकी खालची अपेक्षा राखायची. ती झुडपांत सापळे लावून ठेवायची. कुणाचा पाय पडला की सापळा मिटायचा आणि अडकलेला दिसायचा.

त्या दुपारी लांबचा सापळा मिटला. आत कुणीच नव्हतं. मग त्याच्या अलीकडचा मिटला. तोही रिकामा.

"दादा, खालनं कोण येतंय?"

"कोण न्हाई. त्यांची पाचीच्या पाची हितं वरच्या वाटंवर माझ्या मागं लागल्यात."

आणखी एक मिटला. शेवटचा सापळा तिनं खेळातल्या आपल्याच पायाशी ठेवला. तोही मिटला. पडद्यावर काहीच नव्हतं; पण हेडफोनमध्ये कुणीतरी लांबून चालत आल्यासारखं धापा टाकत होतं.

"दादा, तुला धाप लागलीय का?"

"मला? मला वाटलं तूच हायस."

अपेक्षानं हेडफोन काढून खाटेवर टाकला. तरी धाप ऐकू येतच होती. ती अनवाणीच अंगणात आईकडे पळाली आणि दिवे लागेपर्यंत आत गेली नाही.