कृपया पाय धुऊन यावे

पाय धुण्याच्या विधीला येताना सगळे पाय धुऊन येत, ही त्या चर्चची जुनी शिस्त होती. क्रुसावर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रभूने शिष्यांचे धुळीने माखलेले पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दर वर्षी बारा खुर्च्या मांडून बारा जणांचे पाय धुतले जात. आणि ते बारा जण घरून नखं कापून, टाचा घासून, बोटांच्या बेचक्यांत साबण फिरवून, कोरे मोजे चढवून येत. एकाची बायको तर आठवडाभर आधीपासून त्याच्या टाचांना साय चोळायची. विधी संपल्यावर घंगाळातलं पाणी इतकं स्वच्छ असायचं की घंटा वाजवणारा ते कुंड्यांना घाली, आणि कुंड्यांची काही तक्रार नसे.

या सगळ्याचा नाकसाहेबांना मनापासून तिटकारा होता.

नाकसाहेब म्हणजे तिथल्या साबणाच्या कारखान्यातले वास तपासणारे. त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय साबणाच्या एकाही खेपेवर शिक्का बसत नसे. दूध अजून पांढरंशुभ्र दिसत असताना ते "हे संध्याकाळी नासणार" म्हणून सांगत, आणि दूध त्यांचा शब्द पाळत असे. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर, खिडकीच्या कडेला, नाकाला रुमाल लावून बसत. श्रद्धा पक्की होती. फक्त श्रद्धाळूंपासून चार हात लांब ठेवावी लागे.

"यांचं लग्न रुमालाशी झालंय," त्यांची बायको सांगायची. "मी आपली करवली."

हिवाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं. कारखान्याच्या चाळीत राहणाऱ्यांना खोल्या सोडाव्या लागल्या, तेव्हा फादरनी कुणालाही न विचारता चर्चचा हॉल उघडला आणि स्वतः डोक्यावरून गाद्या वाहिल्या. दोन दिवसांत हॉलला ओल्या घोंगड्यांचा, लहान मुलांच्या दुपट्यांचा आणि तुंबलेल्या मोरीचा वास लागला. मग सेवा समिती स्थापन झाली. पहिल्या बैठकीत पांघरुणं वाटतानाचा फोटो दारात काढावा की वेदीसमोर, यावर बराच वेळ गेला. दुसऱ्या बैठकीला सरकारी दवाखान्यातली नर्स आली. ती आठवड्यातून एकदाच यायची, त्यामुळे तिला मुद्द्याशिवाय बोलायला फुरसत नसे.

"तो बॉयलरवाला," ती म्हणाली. "कारखाना बंद करताना वाफेने पाय भाजलाय. त्यात साखरेचा पेशंट. जखम सकाळ-संध्याकाळ धुवायला हवी. चिघळली तर डॉक्टर घोट्यापासून पाय काढणार. त्याला लॉन्ड्रीच्या बॉयलरवर नोकरी मिळतेय, पण त्यांना दोन पायांवर उभा राहणारा माणूस हवाय. कोण करणार ड्रेसिंग?"

समितीत एकदम भक्तिभाव पसरला. एकाचे गुडघे वाकत नव्हते. एकाला रक्त बघून चक्कर यायची. "आपण त्यांच्यासाठी अखंड प्रार्थनेची साखळी करू या," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान कारखान्याचे मॅनेजर होते, आणि बाईंना प्रत्येक गोष्टीची साखळी करायची सवय होती.

"धुणार कोण?" नर्सने पुन्हा विचारलं.

"आमचे हे धुतील," शेवटच्या बाकावरून, नाकसाहेबांच्या शेजारी बसलेली त्यांची बायको म्हणाली.

घरात पाऊल टाकताच नाकसाहेब म्हणाले, "अगं, शेजारी कुणी मुळा किसला तरी मला उमासे येतात!"

"माहीत आहे."

"मग?"

"अहो, लग्न झाल्यापासून दर रविवारी जेवताना ऐकतेय. फादर नुसते बोलतात, लोक नुसते मिरवतात, करत कुणी काही नाही, असं तुमचं. आज एक जागा रिकामी दिसली. म्हटलं, तुम्हाला बसवून टाकावं."

त्यातून तो बॉयलरवाला. अख्ख्या कारखान्यात नाकसाहेब ज्याला टाळत तो हाच. कच्चा कांदा खाणार, तंबाखू चघळणार आणि वर ढेकर देणार. एकदा नाकसाहेबांनी गुलाबाच्या साबणाची पूर्ण खेप नापास केली होती. मागाहून कळलं, वास साबणाचा नव्हता. त्यांच्या खोलीमागून जाणाऱ्या वाफेच्या नळीवर या इसमाने मोजे वाळत घातले होते. तेव्हापासून बोलणं बंद.

पहिल्या दिवशी पट्टी सोडली मात्र, नाकसाहेब बादलीवर ओणवे झाले.

"चालू द्या," गादीवरून बॉयलरवाला म्हणाला. "बादली तुमचीच आहे. माझ्या मोज्यांनी सुद्धा एवढं केलं नव्हतं."

"तोंड बंद ठेव. त्यातूनही वास येतोय."

"कांदा आहे. तेवढाच एक आधार राहिलाय मला."

उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, कापसाचा बोळा, चिमटा. पिवळं पाणी, करडी साल, आणि खाली कच्च्या मांसाचा चिकट तुकडा. नाकसाहेब तोंडाने श्वास घेत होते आणि त्याच तोंडाने शिव्या देत होते. मध्येच फादर आले, गुडघ्यावर बसले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या पायात प्रभूचा पाय बघा."

"फादर, प्रभूच्या पायाला असा वास येत नसणार."

"चार दिवस थडग्यात पडलेल्या भावाच्या बहिणीनंही प्रभूला हेच सांगितलं होतं," बॉयलरवाला म्हणाला. "दगड सरकवू नका म्हणाली, घाण सुटली असेल. प्रभू रुमाल शोधत बसला नाही, भावाला जिवंत उठवला."

नाकसाहेबांनी चिमटा गरजेपेक्षा जरा जोरात लावला. पण साखरेने पाय बधिर झालेला, बॉयलरवाल्याला त्याचा पत्ताच लागला नाही. वेदना नाही म्हणजे इशाराही नाही, हे नर्सने बजावलं होतं. तो पाय सडून गेला तरी मालकाला कळवणार नव्हता.

कळलं ते नाकाला. काही दिवसांनी नाकसाहेबांच्या लक्षात आलं की त्या घाणीला थर आहेत. वर औषध, खाली पू, आणि पार तळाशी एक गोडसर वास, नासलेल्या फळासारखा. त्यांनी नर्सला सांगितलं. तिने तिथलं मांस खरवडलं आणि गोडसर वास गेला. "जखमेला नाक लावणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. "लावत जा."

म्हणजे आता रुमालही गेला. रोज दोनदा ते वाकत, नाक जखमेजवळ नेत आणि सर्वांगावर काटा येईपर्यंत श्वास ओढून घेत. प्रार्थना एकच असे: प्रभू, मला हे आवडत नाही, हे तुला ठाऊक असू दे. जेवण अर्ध्यावर आलं. हाताला तो वास राहतो असं वाटून ते इतके हात धुवायचे की बायको म्हणाली, "प्रभूला क्रुसावर धाडून पिलाताने सुद्धा हात एकदाच धुतले होते."

जखम भरू लागली, आणि समितीला ती दिसू लागली. त्या वर्षी पाय धुवायला खुद्द बिशप येणार होते. अध्यक्षबाईंनी ठरवलं, बाराव्या खुर्चीवर बॉयलरवाला बसेल, दुसरा पाय झाकून हाच पाय पुढे. फळ्यावर नेहमीची सूचना लागली: "निवडलेल्यांनी कृपया पाय धुऊन यावे."

"मला लागू नाही," बॉयलरवाला म्हणाला. "या गावात माझ्या पायाइतका धुतलेला पाय दाखवा कुणाचा."

त्याच आठवड्यात नाकसाहेबांची मेहुणी वारली आणि नवराबायकोला परगावी जावं लागलं. "निश्चिंत जा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्ही समितीतल्या बहिणी आहोत ना." नाकसाहेबांनी मिठाचं पाणी, कापूस, चिमटा सगळं मांडून दिलं, करून दाखवलं. बहिणी माना डोलवत होत्या, आणि माना डोलवता डोलवता एकेक पाऊल मागे सरकत होत्या.

ते परतले ते गुरुवारी, थेट विधीलाच. बारा खुर्च्या मांडलेल्या. बिशप कमरेला टॉवेल गुंडाळून, हातात तांब्या घेऊन एकेक पाय धुवत शेवटाकडे आले होते. घंटा वाजवणारा घंगाळ सरकवत होता. आणि शेवटच्या बाकापर्यंत गुलाब दरवळत होता. कारखान्याची शेवटची खेप अकरा जणांनी टाचांवर रिकामी केली होती. नाकसाहेबांनी सवयीने वास घेतला. गुलाब, गुलाब, गुलाब. मध्ये एकीकडे साय. मग पावडर. भरपूर पावडर, तिच्यावर अत्तर. आणि त्याखाली, अगदी तळाशी, नासलेलं फळ.

ते उठले.

"बसा!" मधल्या वाटेवर अध्यक्षबाई दातांमधून पुटपुटल्या. "प्रार्थना चालू आहे!"

"तुमची चालू द्या." ते सरळ वेदीपुढे गेले. बिशप अकरावा पाय पुसून बाराव्याकडे वळत होते. बॉयलरवाल्याने पांढराशुभ्र नवा मोजा घातला होता.

"बिशपसाहेब, हे पाणी उकळलेलं आहे?"

बिशपना असा प्रश्न यापूर्वी कुणी विचारला नव्हता. त्यांनी तांब्यात बघितलं. "कोमट आहे."

"मग पायाला हात लावू नका."

नाकसाहेब खाली बसले आणि मोजा काढला. पट्टी त्यांनीच जाताना बांधलेली होती, तीच गाठ. बहिणींनी ती सोडलीच नव्हती. रोज वरून पावडर भुरभुरवली होती, अत्तर शिंपडलं होतं. पट्टी सुटली तसा पहिल्या बाकावर वास पोचला, आणि दर वर्षी ज्यांच्या डोळ्यांत या विधीला पाणी येई त्यांनी नाकाला रुमाल लावले. नाकसाहेबांनी पायावर वाकून श्वास ओढून घेतला.

"अरे, सांगायचं नाही का कुणाला?"

"काय सांगणार? दुखत नव्हतं," बॉयलरवाला म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "शिवाय बायका किती गोड बोलत होत्या. तुमच्यासारख्या शिव्या नाहीत की काही नाही. मला वाटलं, बरा झालो. गेला का हो पाय?"

"गप्प बस. उचलतोय."

नाकसाहेबांनी एका बाजूने खांदा दिला. दुसऱ्या बाजूला कुणीतरी आलं. मान वळवून पाहिलं तर फादर. बिशपना तसंच तांब्यासकट सोडून फादर आले होते. दोघांनी मिळून त्याला मधल्या वाटेने नेलं, फादरच्या खटारा गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. सगळ्या रस्त्याने फादर एकदाही प्रेमावर बोलले नाहीत. खिडकीची काच तेवढी खाली केली.

मागे चर्चमध्ये बारावी खुर्ची रिकामी बरी दिसेना, म्हणून अध्यक्षबाईंचे यजमान बसले. त्यांचेही पाय धुतलेलेच होते. ते कायम तयारीत असत.

डॉक्टरांनी करंगळी काढली आणि सडलेलं सगळं खरवडलं. एक-दोन दिवस उशीर झाला असता तर घोटा गेला असता, म्हणाले. करंगळीबद्दल लॉन्ड्रीवाल्याने काही अट घातलेली नव्हती.

समितीने झाल्या प्रकारावर विचार केला. 'किळसेवर प्रेमाचा विजय' या विषयावर चर्चमध्ये सगळ्यांपुढे नाकसाहेबांची साक्ष ठेवायची ठरली, म्हणजे पावडरचा विषय निघायचा नाही. रविवारी नाकसाहेब माइकपुढे उभे राहिले. माइकला आधीच्या माणसाच्या सकाळच्या नाश्त्याचा वास होता. ते हातभर मागे सरले.

"मला प्रेम वाटलेलं नाही," ते म्हणाले. "मळमळलं. अजून मळमळतं. प्रेम वाटेपर्यंत थांबलो असतो तर पाय गेला असता. ड्रेसिंग अजून बरेच दिवस चालणार आहे. आणखी एक माणूस हवाय. पट्टी सोडणारा. हात वर करा."

सगळे शिस्तीत डोळे मिटून प्रार्थनेला लागले. एकच हात वर आला, शेवटच्या बाकावरून. तो त्यांच्या बायकोचा होता आणि त्याचं बोट त्यांच्याकडेच होतं.

तेव्हा त्या संध्याकाळी पुन्हा हॉल, पुन्हा बादली. मोरी अजून तुंबलेलीच होती; तिच्यासाठी वेगळी उपसमिती नेमली होती. बॉयलरवाल्याने पाय पुढे केला. गादीच्या कडेला नवे बूट ठेवले होते, लॉन्ड्रीत घालायला.

"आता तरी वाटतं का काही, नाकसाहेब? प्रेम वगैरे?"

"कांदा खाल्लायस."

"थोडासा."

नाकसाहेबांनी पट्टी सोडली, डोळे मिटले, वाकून श्वास ओढला. औषध. कापूस. तळाशी गेले, आणखी तळाशी. थांबले. पुन्हा एकदा ओढला.

बॉयलरवाल्याचं चघळणं बंद झालं. "कसला येतोय?"

"पायाचा," नाकसाहेब म्हणाले. "नुसत्या पायाचा. वाफेच्या नळीवर तुझ्या मोज्यांचा यायचा ना, अगदी तोच." मग "शी!" म्हणून त्यांनी मान फिरवली, मोकळ्या हवेत एक श्वास घेतला आणि चिमटा उचलला.