दादांवर विश्वास ठेवू नका

दादा सुखरूप सापडले. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू या, कारण आजतागायत ते कुणीच वाचलेलं नाही.

तर, दादा हरवले होते. दुपारी जेवायला घरी येणारा माणूस दिवेलागण झाली तरी नाही, आणि फोन उशीखाली वाजत पडलेला. दादांचा धाकटा भाऊ शिंपी. त्याला धड बसवेना, धड उभं राहवेना. त्या भरात त्याने एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

"भावजी, आधी पोलिसात जा," वहिनी म्हणाल्या.

"पोलीस दहा प्रश्न विचारतील, वहिनी. तेवढ्यात मेसेज दहा गावं फिरून येईल."

त्याने मेसेज लिहिला. दादांचा फोटो, घरचा पत्ता, स्वतःचा नंबर. तारीख राहिली. मग वाटलं, दादा मानी. कुणी हटकलं तर उलट त्यालाच झापून निघून जातील. म्हणून खाली ठळक ओळ घातली: 'ते "मी हरवलेलो नाही" असं म्हणतील. विश्वास ठेवू नका. धरून ठेवा.'

तासाभरात दादा स्वतःच्या पायांनी घरी आले. मित्राचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करत बसले होते, वेळेचं भान राहिलं नाही. घड्याळजीच ते.

शिंप्याने लगेच 'सापडले' असा मेसेज टाकला. चार-दोन अंगठे आले आणि मेसेज तिथेच गारठला. हरवल्याच्या बातमीला पाय असतात, सापडल्याची जन्मतःच पांगळी.

दुसऱ्या दिवशी दादा दुकानाकडे निघाले. कोपऱ्यावर फळवाल्याने दंड धरला.

"काका, बसा. घाबरू नका."

"अहो, मी हरवलेलो नाही!"

"हो हो. तसंच लिहिलंय."

पुढच्या दिवशी न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर आतून कडी घातली. मग बसच्या कंडक्टरने भर रस्त्यात बस थांबवली. दादा जितके चिडत, तितकी लोकांची खात्री पटे. शेवटी दादांनी बाहेर पडणंच सोडलं. दुकानाला कुलूप. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझारा.

"आता मात्र खरंच हरवल्यासारखे दिसतात हो," वहिनी म्हणाल्या.

तेव्हा कुठे शिंपी दादांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला. हवालदारबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आधी इथे आला असता, तर तारीख टाकून तक्रार घेतली असती. मेसेजात तुमच्याऐवजी ठाण्याचा नंबर गेला असता. सापडल्यावर प्रकरण बंद. आता तुमचं हे कोण बंद करणार? आणि 'धरून ठेवा' काय? उद्या दादांसारख्या दिसणाऱ्या भलत्याच कुणाला डांबतील!"

"चुकलं, बाई."

बाईंच्या फोनवर मेसेज वाजला. त्यांनी फोनकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, आणि हात सावकाश दाराच्या कडीकडे नेला.

"बाई!" शिंपी किंचाळला.

"सवय हो," त्या ओशाळल्या. "असं करा, लेखी अर्ज द्या. कुणाला, ते तुम्हीच ठरवा."

दादांनी तिथेच बसून लिहिला:

'प्रति, सर्व फोनधारक. विषय: मला सोडून देणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, खाली सही करणारा इसम हरवलेला नाही. तरी या एका वाक्यावर विशेष बाब म्हणून विश्वास ठेवण्यात यावा, आणि सदर इसमास त्याच्या दुकानापर्यंत एकट्याने चालत जाऊ द्यावे, ही नम्र विनंती.'