नायलॉनचे चाक

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हातात धरून चालवायची ड्रिल मशिनं तयार होत. साल होते १९७६. चंद्राबाई तिथे तपासणीच्या टेबलावर होती. नवरा सैन्यात असताना वारला, तेव्हापासून घर तिच्याच नोकरीवर चाले. मशीन दोन मिनिटे फिरवायचे, आवाज ऐकायचा आणि 'तपासले' असा शिक्का मारायचा.

एके दिवशी म्हसवडचा कोंडीबा सुतार थेट कारखान्यात आला. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने त्याने मशीन टेबलावर ठेवले.

"शाळंचं दार करत हुतो. भोक पाडताना मशीन अडाकलं, मनगाट पिरगाळलं. तीन म्हैनं बी झालं न्हाईत घिऊन. बाई, ह्यो शिक्का कुनाचा?"

शिक्का तिचाच होता!

तिने मशीन उघडले. आतल्या पोलादी दातेरी चाकाऐवजी कारखाना अलीकडे नायलॉनचे बसवत असे. त्याचे दात वितळले होते. ते घेऊन ती मालक हरिभाऊंपुढे उभी राहिली.

"सहा महिन्यांची हमी आहे, त्याला नवीन द्या," हरिभाऊ म्हणाले. "अहो, मशीन मोडलंच नाही तर लोक दुसरं कशाला घेतील?"

"आन् नवं मनगाट कुटल्या कपाटात हाय, सायेब? शिक्का बगून गडी भरवसा टाकतोय. आजपास्नं ह्या चाकावर म्या शिक्का मारनार न्हाई!"

"मग उद्यापासून येऊ नका."

"यीन! टेबलावर बशीन. शिक्का तेवढा मारनार न्हाई!"

आणि ती आली. हरिभाऊंनी शिक्का शेजारच्या बनुबाईकडे दिला. तिनेही नकारार्थी मान हलवली. तीन दिवसांत मशिनांचा ढीग छातीएवढा झाला. चौथ्या दिवशी हरिभाऊ स्वतःच शिक्का घेऊन बसले. चंद्राबाईने त्यांच्यापुढे जाड सागवानी फळी ठेवली.

"मारा की! पर आदी सुतारावानी भोकं पाडून बगा."

सगळे बघत होते. हरिभाऊ इरेला पेटले. पंधराव्या भोकाला करपट वास सुटला, मशीनने जोराचा हिसका दिला आणि ते हातातून उडाले! मनगट दाबून हरिभाऊ मटकन खाली बसले.

"पोलादी चाकं मागवा," ते म्हणाले. "आणि विकलेली मशिनं परत बोलवा. सगळी!"

वाचकहो, वस्तू मोडली की आपण नशिबाला बोल लावतो आणि दुसरी आणतो. तसे करू नका. कोंडीबासारखा जाब विचारा. आणि तपासणारे तुम्हीच असाल, तर लक्षात ठेवा, आपली सही हा आपला शब्द असतो. पोटासाठीसुद्धा तो खोटा पडू देऊ नका!