अध्यक्षांच्या डोक्यावर भरलेला वर्ग

सलूनवाल्या काकांनी तीस वर्षांत 'अहो', 'ओ भाऊ', 'उरका लवकर' अशा सगळ्या हाका ऐकल्या होत्या. 'सर' तेवढी राहिली होती. मग जवळच्या शाळेनं 'परिसरातून शिक्षण' नावाचा उपक्रम काढला. कोणी बेकरीत गेलं, कोणी छापखान्यात, आणि दर बुधवारी पाच मुलं काकांच्या दोन खुर्च्यांच्या दुकानात येऊ लागली. तेव्हापासून काका बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालत. बायको म्हणायची, "सर, तास संपला असेल तर केराचा डबा बाहेर ठेवून या."

मुलं केस झाडायची, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधायची, जुन्या विगवर कात्री चालवायची. वर्गाच्या बाईंनी दिलेल्या तक्त्यात 'आज काय शिकलात?' असा रकाना होता. एकानं लिहिलं, 'मागून पाहिलं की सगळीच माणसं गरीब दिसतात.' काकांनी खाली झोकात सही ठोकली.

त्या बुधवारी खुद्द शाळेचे अध्यक्ष केस कापायला आले. चष्मा काढून डोळे मिटले आणि आरामात म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून हे बंद हं. पालक कुरकुरतात. केर काढायला शाळेत घातलं का, म्हणतात."

काकांच्या हातातलं मशीन घसरलं. अध्यक्षांच्या उजव्या कानामागे कोटाच्या बटणाएवढं टक्कल पडलं.

"झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"होतंय," काका कसेबसे म्हणाले.

वर्गात जिच्या तोंडून शब्द काढताना बाईंना घाम फुटायचा, ती दोन वेण्यांची मुलगी पुढे आली. तिनं कानापासून चार बोटं मोजली, पलीकडे जाऊन तिथेही मोजली आणि कुजबुजली, "सर, खड्डा भरता येणार नाही. आजूबाजूची जमीन खाली आणू."

"हळू बोल. जमीन जागी आहे."

मग एकानं आरसा धरला, एकानं कंगवा. मुलगी बोट दाखवी, काका कापत.

"डावीकडे अजून थोडे. थोडे म्हटलं मी, सर!"

अध्यक्षांनी चष्मा चढवला. आरशात कॉलेजातून नुकताच काढून टाकलेला कोणी पोरगा बसला होता.

"हे काय केलंत?"

'नवी फॅशन' हे शब्द काकांच्या जिभेवर आले होते. पण पाच जोडी डोळे त्यांच्याकडे लागले होते.

"चूक माझी, साहेब. बंदचं ऐकलं आणि हात घसरला. निस्तरलं या मुलीनं."

"तुला कुणी शिकवलं गं?"

"सरांनी."

अध्यक्ष दाराकडे बघू लागले. दारात कोणी नव्हतं. मग त्यांची नजर हळूहळू काकांवर येऊन थांबली.

बराच वेळ त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. दोन्ही बाजू सारख्या होत्या, हे मात्र नाकारता येईना.

"हे वाढेपर्यंत सारखं करत राहावं लागेल ना?"

"दर बुधवारी," मुलगी म्हणाली. "निदान वर्षभर."

"मग चालू राहू दे तुमचा तास. पालकांशी मी बोलतो."

पंधरा दिवसांत केस भरून येतात, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. पण हुशार विद्यार्थिनीला चारचौघांत टोकायचं नसतं, एवढं मास्तरपण एव्हाना त्यांच्या अंगात आलं होतं.