चिमूट कोणाची?

मी खल बोलतोय. काळ्या दगडाचा, सहा किलो वजनाचा, आणि सध्या चांगलाच रागावलेला.

दगडाला राग येतो का, असं विचारू नका. कुटण्याचा राग मला कधीच आला नाही, तो माझा धंदा आहे. राग आलाय तो माझ्यावर आळ घेतल्याचा. "या खलानं घरातल्या माणसाला दवाखान्याच्या दारात नेऊन बसवलं," असं माझ्या तोंडावर बोललं गेलं. ते मी निमूट ऐकून घेणार नाही. काय झालं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका पायरीतून झाला. आबा पाथरवट. एका मोठ्या इमारतीच्या जिन्याचं काम चालू होतं आणि एक पायरी मापाला आखूड भरली. मुकादम म्हणाला, फेकून द्या. आबांनी तिचा कोपरा फोडून घरी आणला. तेव्हा त्यांचं नवं नवं लग्न झालेलं. बायको वाटीच्या बुडानं आलं ठेचायची, आणि अर्धं आलं भिंतीवर उडायचं.

आबांनी तिला मूठ मिटायला सांगितली, मुठीभोवती सुतळी गुंडाळली आणि गाठ मारली. त्या सुतळीच्या मापानं त्यांनी माझं पोट कोरलं. काम झाल्यावर स्वतःच हसले.

"एवढ्याशा खड्ड्यात काय कुटणार तू? मुंग्यांचा स्वयंपाक?"

"तुमचं तोंड बंद राहील एवढं नक्की कुटीन," ती म्हणाली.

तीच पुढे आम्ही राहतो त्या साऱ्या इमारतीची आजी झाली.

आजी शाळेत फार गेली नव्हती, पण तिचा हात शहाणा होता. सर्दीला आलं आणि मिरी, पोट फुगलं तर ओवा, उन्हाळ्यात भिजवलेले धने, दाढ ठणकली तर लवंग. आबांच्या घशात दगडाची धूळ जायची. त्यांना कोरडा खोकला लागला की ज्येष्ठमधाची काडी माझ्यात पडायची. तिची पूड बरणीत, आणि बरणीतली एक चिमूट गरम पाण्यात. चार दिवस. पाचव्या दिवशी बरणी वरच्या फळीवर जायची. आबा म्हणायचे, "अगं, गोड लागतं, दे अजून." ती म्हणायची, "गोड लागतं म्हणूनच वर ठेवली."

ती औषध कमी द्यायची आणि चौकशी जास्त करायची. कधीपासून दुखतंय? ताप आहे का? डॉक्टरचं काय चालू आहे? उत्तरं मिळेपर्यंत बत्त्याला हात नाही. एकदा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला. छातीत जळजळतंय, चिमूटभर ओवा द्या म्हणाला. आजीनं त्याचा घामेजलेला चेहरा पाहिला, डावा हात चोळताना पाहिलं, आणि अंगावरच्या कपड्यानिशी रिक्षा बोलावायला धावली. "हे काम माझ्या खलाचं नाही," एवढंच बोलली. तो माणूस वाचला. तिच्या हाताखाली मी किती कुटलं त्याची मोजदाद नाही, पण त्या दिवशी जे कुटलं नाही त्याचा मला जास्त अभिमान आहे.

मग आजी गेली.

मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. घरात उरले आबा आणि सूनबाई. सूनबाई मोठ्या रुग्णालयात नर्स. तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे बराच वेळ घरात आबा, मी आणि बत्ता. आणि बत्त्याशी काय बोलणार? त्याला आपटण्यापलीकडे काही येत नाही.

एका सकाळी आबांनी वरच्या फळीवरची बरणी खाली काढली. पाणी उकळलं. आणि चिमूट घेतली.

इथे जरा थांबा, कारण सगळा घोटाळा या चिमटीत आहे. आजीची चिमूट पाखराच्या चोचीत मावेल एवढी. आबांच्या अंगठ्यावर चाळीस वर्षं हातोडा बसलेला, बोटं खुंट्यांसारखी. त्यांची चिमूट म्हणजे भरलेला चमचा. बरणी तळाला आली की नव्या काड्या आणून कुटायचे. माझ्या तोंडात त्यांची मूठ धड जायची नाही, बोटांचे सांधे घासून सोलवटायचे, तरी थांबायचे नाहीत. मी आयुष्यभर मूग कुटले, पण त्या दिवसांत मात्र मूग गिळून बसलो. ती माझी चूक. तेवढी मी कबूल करतो.

यात वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी भर घातली. मास्तर निवृत्त झाले, पण शिकवणं सुटलं नाही. आता मोबाइलवर आलेलं दुसऱ्यांना वाचून दाखवतात.

"आबा, हे बघा. निसर्गाचं देणं आहे. गुण आला नाही तरी अपाय नाही. दोनदा घ्या!"

अपाय नाही म्हणे! अहो मास्तर, कण्हेर काय कारखान्यात बनते? खाजकुयली कोणत्या कंपनीची? पण दगडाचं कोण ऐकतो. आबा दोनदा घेऊ लागले.

चार महिने गेले. एकदा सूनबाई आबांच्या पायांकडे बघत म्हणाली, "बाबा, नव्या चपला कधी घेतल्यात?"

"जुन्या आखडल्या."

"चपला आखडत नाहीत, पाय सुजतात. दाखवा बघू."

तिनं घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरेचना. बीपी मोजलं आणि तिचा चेहरा उतरला. डॉक्टरांकडे नेलं, बीपीची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे?" आबा म्हणाले, "नाही."

ते खोटं बोलले नाहीत हो. त्यांच्या लेखी औषध म्हणजे पाकिटातून फोडून काढायची गोळी, जिच्यावर तारीख छापलेली असते. माझ्यातून निघतं ते पाणी. आजीचं पाणी. ते औषधात कुठून धरणार?

गोळी वाढली. बीपी हटेना. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, जिना चढताना आबा मध्येच बसायला लागले. रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम उतरलेलं निघालं. सूनबाई फोनवर नवऱ्याला सांगत होती, "रोज वीस जणांचं बीपी बघते मी. घरातल्या एका माणसाचं मला आवरत नाहीये. त्यांना काही झालं तर तू मला काय म्हणशील?" आवाज रडवेला होता.

आणि एका दुपारी तिची पाळी लवकर संपली. ती दार उघडून आली तेव्हा आबांच्या हातात बत्ता होता.

"हे काय चाललंय?"

"पाणी करतोय."

"कसलं पाणी?"

"तुझ्या सासूचं."

तिनं माझ्यात वाकून वास घेतला. "कधीपासून घेताय हे?"

"ती गेल्यापासून."

"रोज? आणि डॉक्टरांना सांगितलं नाहीत!"

"त्यांनी औषध विचारलं होतं."

सूनबाई तिथेच फरशीवर बसली. "बाबा, ज्येष्ठमधानं बीपी चढतं. अंगात पाणी साठतं, पोटॅशियम जातं. आम्ही तिकडून गोळ्यांनी खाली ओढतोय आणि तुम्ही इथे बसून वर ढकलताय!" मग तिची नजर माझ्यावर पडली. "या खलानं तुम्हाला दवाखान्याच्या दारात नेऊन बसवलं."

तिनं मला उचललं आणि गॅलरीच्या दाराला टेकू म्हणून लावलं. मला! ज्यानं अख्ख्या इमारतीचं पोट सांभाळलं, त्याला वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून!

ती कामावर गेली आणि आबांनी मला ओट्यावर आणलं. संध्याकाळी तिनं पुन्हा दाराशी नेलं. सकाळी पुन्हा ओटा. तीन दिवस माझी अशी वरात चालू होती.

"दगड उचलू नका म्हटलं ना?"

"दगड उचलूनच तुझ्या नवऱ्याला लहानाचा मोठा केलाय मी."

"म्हणून काय माझ्या डोक्यावर मिरे वाटणार?"

"वाटले असते. पण खल तू दाराला लावलायस."

चौथ्या दिवशी ती हसली नाही. "पुन्हा आत आणलात ना, तर खाली रस्त्यावर ठेवून येईन. कोणी ना कोणी नेईल."

 ती बोलेल ते करणारी बाई आहे.

आबा हळूच म्हणाले, "मग मलाही ठेव त्याच्या शेजारी."

 मग फरशीकडे बघत सांगू लागले. "खोकला नाहीये मला. दोन वर्षं छिन्नीला हात लावला नाही, खोकला कुठून येणार? ती गेली तेव्हा बरणीच्या तळाला एवढंसं उरलं होतं. तिच्या हातचं. ते संपू नये म्हणून मी वरून भर घालत राहिलो. वरचं माझं, खालचं तिचं."

"खालचं तिचं केव्हाच तुमच्या पोटात गेलं, बाबा."

"ठाऊक आहे गं."

सूनबाईनं पदरानं डोळे पुसले. "गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. तुम्हीच सांगा त्यांना. मी एक शब्द बोलणार नाही."

गुरुवारी आबांनी कापडी पिशवी घेतली. पिशवीत बरणी, आणि मी. आयुष्यात पहिल्यांदा मी दवाखाना पाहिला. डॉक्टर आबांचा नातू शोभेल एवढा. आबांनी मला त्याच्या टेबलावर असं ठेवलं की पेनं उड्या मारून खाली गेली.

"मागच्या वेळी विचारलंत, आणखी काय चालू आहे. हे चालू आहे."

डॉक्टरनं बरणी उघडून वास घेतला. "किती घेता?"

"चिमूटभर."

"दाखवा बरं."

आबांनी कागदावर चिमूट सोडली. ढीग पडला. डॉक्टर त्या ढिगाकडे बघत राहिला, मग आबांच्या बोटांकडे. "आजोबा, ही चिमूट? मग मूठ कशी असेल तुमची!"

सूनबाईनं शब्द पाळला, बोलली नाही. पण हसू तिला आवरलं नाही.

"ज्येष्ठमध बंद," डॉक्टर म्हणाला. "आजपासून, कायमचं. तुमच्या बीपीला ते चालणारच नाही. चिमूट कोणाचीही असो."

"आणि आलं?"

"चहात घालता तेवढं घाला."

"ओवा? धने?"

"जेवणात असतात तेवढे खा. त्याहून जास्त काही घ्यावंसं वाटलं तर आधी मला विचारा."

आबांनी घसा साफ केला. मुख्य गोष्ट राहिली होती. "खल घरातून काढायचा का?"

डॉक्टरला प्रश्नच कळला नाही. "खलानं काय केलंय?"

खलानं काय केलंय! त्या पोराचं भलं होवो. साऱ्या जगात तेवढं एक वाक्य मला ऐकायचं होतं, आणि ते सूनबाईच्या समोर बोललं गेलं.

आबा उठले. कोपऱ्यातल्या डब्यात त्यांनी स्वतः बरणी उपडी केली आणि पाथरवट धूळ झाडतो तशी दोनदा ठोकली. तळाला काही चिकटलं होतं. ते त्यांनी बोटानं पुसून काढलं. कोणी घाई केली नाही.

बाहेर आल्यावर सूनबाई म्हणाली, "द्या ती पिशवी. जड आहे."

"मी नेईन."

"बाबा."

"बरं. एक बंद तू धर."

तसे आम्ही घरी आलो. एक बंद तिच्या हातात, एक आबांच्या, मध्ये मी झुलत.

तीन आठवड्यांत पायांची सूज उतरली. बीपी अजून अधूनमधून डोकं वर काढतं, पण गोळी ऐकते. मास्तर परवा नवीन काहीतरी वाचून दाखवायला आले होते. आबा म्हणाले, "मास्तर, बसा. आधी सूनबाई तुमचं बीपी बघेल, मग वाचा." मास्तरांना एकदम वरचं काम आठवलं.

मी ओट्यावर आहे. कडेला एक टवका गेलाय, तो दाराच्या नोकरीतला. आता तुम्हाला एक सांगतो, आणि विनवणी करायची मला सवय नाही, म्हणून ठणकावूनच सांगतो. मला अडगळ म्हणू नका. मला डोक्यावरही घेऊ नका. मी दगड आहे, घालाल ते कुटीन, चांगलं-वाईट मला कळत नाही. ते कळायचं काम तुमचं. आणि माझ्यातून निघालेलं जे काही पोटात घालाल, ते डॉक्टरांना बेधडक सांगा. लाजायचं काय त्यात? मला टेबलावर नेऊन आपटा हवं तर. मी येईन.

बास, आता बोलायला वेळ नाही. सूनबाई दमून आलीय, चहाचं पाणी चढलंय, आल्याचा तुकडा माझ्यात पडलाय.

हाणा, आबा!